घड्याळ न बांधता

छापखान्यात मी मशीनवर होतो तेव्हा मालक वेगाचा आकडा मलाच विचारायचा, मीटरकडे बघायचाही नाही. कागद ओढला जाताना जो ठेका पडतो तो माझ्या कानात इतका मुरला होता, की मशीन जराशी ढिली पडली तरी हातातला चहा कडू लागायचा. पुढे पळायला लागलो तेव्हा तोच कान पायांना लावला. पावलांच्या आवाजावरून वेळ सांगायचो आणि बरोबर सांगायचो. आमच्या पळणाऱ्यांच्या टोळक्याने माझं नाव ‘घड्याळ’ पाडलं ते त्यावरूनच. मनगटाला मी कधी काही बांधलं नाही. बांधणाऱ्यांची टिंगल मात्र पोटभर केली.

मग गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी नवा बसवला आणि चाला, सायकल चालवा, पण पळण्याचं नाव काढू नका, असं बजावलं. बायकोने ते वाक्य पाठ केलं आणि मला दोन वेळा जेवणासोबत वाढलं. मी दोघांनाही मान डोलावली आणि टाके सुकायच्या आत माळ्यावरून बूट काढले. व्यायाम करून घेणाऱ्या बाई मला आरशासमोर चालायला लावायच्या. लंगडणं गेलं, म्हणाल्या, पण पाऊल अजून आखूड पडतंय, त्यावर काम करा. लंगडणं गेलं एवढंच मी ऐकलं. पुढचं माझ्या सोयीचं नव्हतं.

मला एकट्याला सोडायला नको म्हणून धाकटी लेक बरोबर यायला लागली. दिवसभर बँकेत खुर्चीवर बसणारी, जिना चढताना दोनदा थांबणारी ही मुलगी. ती माझ्यावर पाळत ठेवायला येते हे कळायला मला अक्कल लागली नाही. पण त्या पळण्याने तिला कधी धरलं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. तिने शर्यतीत नाव घातलं ते थेट पूर्ण मॅरेथॉनला, आणि तिच्या जोडीला मी माझंही घातलं. आईने कपाळावर हात मारला. बँकेत टेबलामागच्या भिंतीवर पदकासाठी खिळा ठोकून ठेवलाय, असं धाकटी हसत सांगायची. मला ती थट्टा वाटली. एकदा तिला डबा द्यायला गेलो तेव्हा पाहिलं, खिळा खरंच होता.

त्या शर्यतीत शेवटच्या टप्प्याआधी एक पूल लागतो. ठरल्या वेळेत पुलाच्या तोंडाशी पोचलं नाही, तर रस्ता वाहनांना मोकळा करतात आणि मागे राहिलेल्यांना बसमध्ये घालतात. नवख्यांची दांडी तिथेच उडते, कारण ते आधी उधळतात आणि मग रडतात. मी धाकटीला सांगितलं, घड्याळ काढून ठेव, माझ्या खांद्यामागे राहा, पुलापर्यंत वेळेत नेण्याची जबाबदारी माझी. तिने बाही खाली ओढली. काढलं असेल, असं मी धरून चाललो.

आणि काय सांगू, त्या सकाळी मी सुखात होतो. ठेका लागला. तोच जुना, कानात बसलेला. गुडघा मुकाट्याने काम करत होता. मागून धाकटीची पावलं माझ्या पावलांवर पडत होती. फुगा बांधून नेमक्या ठरल्या वेळेच्या गतीने पळणारा आयोजकांचा गडी आम्हाला ओलांडून गेला तेव्हा मी म्हणालो, हा घाई करतोय, याच्या मागे लागलेल्यांचं आज काही खरं नाही. ती हसली. पुढे पाण्याच्या टेबलावर ग्लास संपत आले होते. आयोजक यंदा भलतेच चिक्कू निघाले, म्हणालो. ती पुन्हा हसली, पण जरा उशिरा. त्या पुढच्या टेबलाचे तर पायच दुमडत होते. मी तिकडे पाहिलं आणि पाहिलं न पाहिलं केलं. माझा कान मला सांगत होता की सगळं ठीक आहे, आणि माझ्या कानाने मला आयुष्यात कधी फसवलं नव्हतं.

पुलावर मोटारी धावत होत्या.

कुणीतरी चुकून रस्ता लवकर उघडला, असंच मला आधी वाटलं. तिथल्या माणसाशी मी भांडलोदेखील. त्याने शांतपणे आमच्या छातीवरचे नंबर काढून घेतले आणि बसकडे बोट दाखवलं. पायरी चढताना माझं पाऊल कमी पडलं, दांडी धरावी लागली, आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. ठेका चुकला नव्हता. पाऊल आखूड झालं होतं. त्याच ठेक्यात मी सकाळपासून कमी कमी रस्ता कापत आलो होतो, छाती फुगवून, पोरीला मागे बांधून.

बसमध्ये धाकटीने घाम पुसायला हात वर केला, बाही सरकली, आणि मनगटावर घड्याळ दिसलं. चालू होतं.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

तिने बाही पुन्हा खाली घेतली. “अर्ध्याच्या आधीपासून.”

“मग पुढे का नाही गेलीस? तुझ्या पायात जोर होता.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुम्ही किती खूश होतात, बाबा.”

रागाने मला तिला झापावंसं वाटलं. वर्षभर पहाटे उठलीस ती यासाठी का, असं ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कुणावर? मला वाटत होतं मी हिला नेतोय, आणि हीच मला सांभाळत होती, जसं लहान मुलाला जिंकू देतात तसं. त्याहून जास्त लाज मला कधी वाटलेली नाही.

घरी बायकोने विचारलं, कसं झालं. माझ्याआधी धाकटीच बोलली, की बाबांचा गुडघा एकदाही कुरकुरला नाही. ते खरं होतं. बायकोने कधी नव्हे ते मला शाबासकी दिली आणि शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. मी ती घेतली आणि गुडघ्यावर ठेवून बसलो.

आठवड्याने पहाटे जाग आली तेव्हा धाकटी बूट हातात घेऊन, दार न वाजवता बाहेर पडत होती. मला उठवलं नाही. जिन्याखाली तिने बूट घातले आणि गल्लीत तिची पावलं सुरू झाली. लांब, मोकळी पावलं. माझ्यामागे असताना तिची अशी पावलं मी कधी ऐकली नव्हती. वळणावर ती ऐकू येईनाशी झाली तरी मी कान लावून पडून राहिलो.

गुडघा जरासुद्धा दुखत नव्हता. दुखला असता तर बरं झालं असतं.