उत्तरेची भिंत

माझी बायको ऑलिव्ह गेल्याचं मला डेसमंड गॅस्किनने येऊन सांगितलं. गावात दुसरं कुणीही आलं असतं तरी चाललं असतं.

मंगळवार होता. मी शिडीवर चढून पन्हळीतला पाला काढत होतो. तो फाटक ढकलून आत आला.

"वॉल्ट, खाली ये."

"तिथूनच बोल."

"खाली ये म्हणतो ना. हट्ट करू नकोस."

अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी उतरलो नाही. मग त्याने मान वर करून, शिडीवरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. ऑलिव्ह किल्ल्याच्या तिकीटघरात बसल्या जागी गेली होती. खिडकीपुढे तीन माणसं उभी होती. त्यांना वाटलं बाई खाली मान घालून काही वाचतेय. ती माणसं बराच वेळ थांबली, मग एकाने काचेवर टकटक केलं.

"डॉक्टर म्हणाले, तिला कळलंसुद्धा नसेल," डेसमंड म्हणाला.

"तुला काय माहीत तिला काय कळलं?"

"मी सांगायला आलो, वॉल्ट. भांडायला नाही."

"सांगितलंस ना? जा आता."

तो गेला. फाटक उघडंच टाकून गेला.

ऑलिव्ह ब्रॅकनशॉच्या किल्ल्यावर एकोणीस वर्षं तिकिटं देत होती. किल्ला म्हणजे काय, एक अर्धा बुरूज, गवत भरलेला खंदक आणि प्रार्थनाघराच्या चार भिंती. वर छप्पर नाही. तरी उन्हाळ्यात लोक यायचे, फोटो काढायचे, डबे उघडून खायचे. ती सगळ्यांना माहिती द्यायची. मी मात्र तिथे जात नव्हतो.

मी गवंडी. एकसष्ट साली त्या प्रार्थनाघराच्या उत्तरेच्या भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरायचं काम आम्हाला मिळालं होतं. मुकादम होता सिरिल गॅस्किन, डेसमंडचा बाप. दरजा चुन्यानेच भरायच्या, असा हुकूम होता. पण ऑक्टोबर संपत आला, पहाटे गवत पांढरं दिसायला लागलं. थंडीत चुना धरत नाही, गोठला की भुगा होतो. निम्मी भिंत राहिली होती. सिरिलने एका सकाळी सिमेंटच्या गोण्या उतरवल्या.

"कोण बघायला येतंय?" तो म्हणाला. "हजार वर्षं उभी आहे, आपल्या सिमेंटने काय मरणार आहे?"

निम्मी भिंत आम्ही सिमेंटने भरली. ती राखाडी दिसायला लागली म्हणून काजळी आणि थंड चहा कालवून ब्रशने फासला. दुसऱ्या दिवशी चुना कुठला आणि सिमेंट कुठलं, हे मलाही ओळखू येईना. कागदावर सिरिलने लिहिलं, चुना. खाली सही केली.

चहा ऑलिव्हने करून आणला होता. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. अख्खा बादलीभर चहा कशाला, असं तिने विचारलं होतं. मी म्हणालो, माणसं तहानलेली आहेत.

अकरा वर्षांपूर्वी ती संध्याकाळी किल्ल्यावरून घरी आली आणि कोट न काढता समोर बसली. वरच्या साहेबांनी किल्ल्यावरच्या माणसांना माहिती दिली होती. जुन्या भिंतीत सिमेंट भरलं की ओल आत अडकते, हिवाळ्यात गोठते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

"उत्तरेची भिंत तशीच सुटतेय," ती म्हणाली. "वॉल्ट, तो चहा कशाला होता?"

मी सांगितलं.

"मलाही त्यात घेतलंस."

"तुला कुठे काही माहीत होतं?"

"म्हणूनच तर. जा आणि सांग त्यांना."

"आणि गावात काय म्हणून फिरू? किल्ला खाल्लेला माणूस म्हणून?"

मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी डेसमंडला रस्त्यात गाठून विचारलं, तुझा बाप सांगेल का? त्याने माझी गचांडी धरली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. ऑलिव्ह दर हिवाळ्यात एकदा विचारायची, मी दर हिवाळ्यात पेपर वर धरायचो. जायच्या आधीच्या रविवारी तिने सांगितलं होतं, "दगडच कुजका आहे असं ठरलंय. भिंत कमरेपर्यंत उतरवणार. गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी पाहणीच्या बाई बघायला येतायत." मी तेव्हाही पेपर वर धरला.

तिला पुरल्यावर सहाव्या दिवशी तो गुरुवार आला. मी किल्ल्यावर गेलो.

किल्ल्यावरच कामाला असलेला डेसमंड आता तिकीटघरात बसला होता, तिच्या खुर्चीत.

"तिकीट," तो म्हणाला.

"माझी बायको या खुर्चीत मेली."

"मग? आत जायचं तर तिकीट लागतं."

मी तिकीट काढलं. त्याने ते मुद्दाम खिडकीबाहेर टाकलं, वाऱ्याने उडालं. मला वाकून उचलावं लागलं.

प्रार्थनाघरात एक म्हातारं जोडपं दगडावर बसून सँडविच खात होतं. बाई नवऱ्याला म्हणाली, "किती शांत आहे ना इथे." मला त्या दोघांना खेचून बाहेर काढावंसं वाटलं. ती दोघं होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

उत्तरेची भिंत बघून माझे पाय थांबले. दगड आत गेले होते, दरजा बाहेर उभ्या होत्या. सिमेंट जसंच्या तसं, आणि दगड साबण झिजावा तसे. माझं काम चोख होतं. एक रेघ हलली नव्हती.

पाहणीला आलेल्या मिसेस लोवेट वही घेऊन उभ्या होत्या. मी सरळ म्हणालो, "बाई, दगड कुजका नाही. आत सिमेंट आहे."

"नोंद चुन्याची आहे," त्या म्हणाल्या.

"नोंद खोटी आहे."

माझ्यामागून डेसमंड आलाच. "बाई, याच्याकडे लक्ष देऊ नका. परवा बायको गेली याची. डोकं ठिकाणावर नाही."

"चावी आहे का तुमच्याकडे?" मी बाईंना विचारलं. "डावीकडची दरज खरवडून बघा. आता उजवीकडची."

डावीकडे चुना पिठासारखा गळला. उजवीकडे चावीची नुसती चकाकती रेघ उठली. बाईंनी पुन्हा खरवडलं, जोर लावून. वरचा रंग गेला आणि खाली राखाडी दिसलं.

"वॉल्ट," डेसमंड हळू आवाजात म्हणाला, "माझा बाप सत्त्याऐंशीचा आहे. त्याला माझं नाव आठवत नाही. ही भिंत आठवते. रोज नर्सला सांगतो, मी बांधली म्हणून."

"त्यानेच गोण्या उतरवल्या."

"भरल्या कुणी? तू भरल्यास. तू का नाही बोललास तेव्हा? सत्तावीस वर्षांचा घोडा होतास."

मी बाईंकडे वळून म्हणालो, "मी भरल्या. लिहून घ्या. वॉल्टर हिब्बर्ट."

"हा रंग कसा आला?" त्यांनी विचारलं.

"काजळी आणि चहा."

"चहा?"

"बादलीभर. बायकोने करून दिला होता. तिला कशाला ते माहीत नव्हतं. हेही लिहा."

त्यांनी लिहिता लिहिता वर बघितलं. "हिब्बर्ट म्हणजे, तिकिटावर बसायच्या त्या? मी दर वर्षी येते. त्या मला इथपर्यंत आणून सोडायच्या. कधी बोलल्या नाहीत."

"मी बोलेन म्हणून वाट बघत होती."

डेसमंड जमिनीवर थुंकला. "मेलेल्या बाईला आता गोड वाटेल," तो म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या बापाला कुणी काही सांगितलं नाही. मीही सांगायला गेलो नाही.

भिंत उतरवायचं थांबलं. मिसेस लोवेट यांचं पत्र आलं. सिमेंट हातानेच काढावं लागेल, छिन्नीने, एकेक इंच, आणि मग चुना भरावा लागेल. मी उलट लिहिलं, मी काढतो, मजुरी नको. त्यांनी लिहिलं, संरक्षित वास्तू आहे, त्यांच्या यादीतलाच गवंडी लागतो. मी यादीत नाही. माझं वय बसत नाही.

याला दोन हिवाळे झाले. भिंतीपुढे कुंपण घातलंय. यादीतला गवंडी अजून आलेला नाही. साठ फूट दरजांमधलं माझं सिमेंट काढायचं राहिलं आहे.