देव्हाऱ्यातलं कासव

मित्रांनो, मी दहा सेंटचं एक जुनं नाणं आहे. माझ्या एका अंगाला राणी, तर दुसऱ्या अंगाला पोहणारं कासव. ब्रिटनमधल्या टांकसाळीत मी घडलो आणि कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांवर पाव-मासळीच्या व्यवहारात फिरू लागलो.

तिथून नाशिकला मला आणलं गोटीरामने. तो नाशिकजवळच्या मखमलाबादचा. एका प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. प्रवासी होडीत बसून बेटावर जात आणि हा गोल खिडकीतून बेट बघत कांदे चिरत राही. परत आलेल्या एका प्रवाशाने मला गोटीरामच्या तळहातावर ठेवलं.

गोटीरामची बायको कुसाबाई गुलाब पिकवून बाजारात विकायची. मला बघून ती म्हणाली, "देवळात देवापुढं असतं ना, तसंच कासव हाय. देव्हाऱ्यात ठिवते." त्या दिवसापासून मला रोज हळदकुंकू मिळू लागलं. असा मान माझ्या बेटावर कुणी दिला नव्हता.

एका वर्षी गोटीराम जहाजावर असताना त्या समुद्रात मोठं वादळ झालं आणि जहाजाची खबर येईना. कुसाबाईने मला कमरेच्या पिशवीत घातलं. गुलाब तोडताना ती मधूनच मला चाचपून बघायची. अखेर शेजारच्यांच्या फोनवर गोटीरामचा आवाज आला. तिने मला धुतलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं.

पुढे गोटीराम कायमचा घरी आला. त्यांची मनीषा कॉलेजात गेली आणि तिला नाणी जमवायचा नाद लागला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले रावजीकाका मोठे संग्राहक. मनीषाने मला त्यांना दाखवायला नेलं, तेव्हा त्यांनी मला भिंगाखाली धरलं. "हळद-पाण्याने झिजलंय. बाजारात याला फारसं मोल नाही. पण त्या बेटांच्या माझ्या नाण्यांत एवढं कासवच कमी आहे. बदल्यात शिवराई देतो."

शिवकाळातलं तांब्याचं नाणं! मनीषाने घरी न विचारताच मला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी कुसाबाईने विचारलं, "कासव कुठंय गं?"

मनीषाने शिवराई पुढे केली. "आई, हे कितीतरी मोलाचं आहे."

"आसंल," कुसाबाई म्हणाली. "पर वादळात माझ्यासंगं हे नव्हतं."

मनीषा शिवराई घेऊन तशीच एकलहऱ्याला गेली. वादळाची हकिगत ऐकून रावजीकाकांनी नाण्यांची वही उघडली. त्यातली कासवाची रिकामी जागा मी भरली होती. त्यांनी मला बाहेर काढलं. "शिवराई परत दे. सौदा मोडला," ते म्हणाले. "आणि याला चिंचेने घासू नकोस. कडेने धरायचं, मऊ कापडाने टिपायचं."

आज मी पुन्हा देव्हाऱ्यात आहे. मला आणणाऱ्या गोटीरामचा, जपणाऱ्या कुसाबाईचा, चूक सुधारणाऱ्या मनीषाचा आणि हातचं सोडणाऱ्या रावजीकाकांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, नाणी जरूर जमवा, त्यांची किंमतही शिका. पण घरातली एखादी वस्तू बाहेर देण्याआधी एवढं विचारा, की अडचणीच्या दिवशी घरातलं कोण तिला चाचपून बघत होतं.