भात्याविना पेटी

अर्धांगवायूच्या झटक्यातून रूपराव वाचले, चालायलाही लागले, पण डावा हात कायमचा मांडीवर पडून राहिला. उजव्या हाताची बोटं पूर्वीसारखीच पळत. त्याचा उपयोग नव्हता, कारण पेटी वाजवायची तर दुसऱ्या हातानं भाता मारावा लागतो. सिंदी मेघेच्या भजनी मंडळात तीस वर्षं तेच पेटीवर बसत. झटक्यानंतर मंडळातल्या प्रभाकररावांनी शेजारी बसून भाता मारून पाहिला. सूर भलत्याच जागी फुगे आणि नेमका समेवर येताना बसे. दोन गुरुवारांत दोघांचं बोलणं बंद झालं.

रूपरावांची सून हर्षा नालवाडीत मुलांना की-बोर्ड शिकवते. तिनं आपला की-बोर्ड त्यांच्यापुढे मांडला आणि त्यातला पेटीचा आवाज लावून दिला. रूपरावांनी चार सूर वाजवले आणि हात काढून घेतला.

"हे पेटी नोहे," ते म्हणाले. "पेटीचा फोटू होय."

हर्षाच्या की-बोर्डात बाहेर रेकॉर्ड केलेले आवाजही भरता येत. मग घरच्याच पेटीचे सूर त्यात भरायचे, असं तिनं ठरवलं. एका रविवारी पंखा बंद केला, कुकर लावला नाही. तिनं भाता मारला, रूपरावांनी एकेक पट्टी दाबली, मोबाइलनं सूर टिपले. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, असं ती सासऱ्यांना सांगून बसली. या वाक्याचा तिला पुढे दहा दिवस पश्चात्ताप झाला.

आधी की-बोर्डानं पेनड्राइव्हच ओळखला नाही. तो नव्यानं फॉरमॅट केल्यावर ओळखला, तर फाइली दिसेनात, कारण तिनं त्यांना मराठीत नावं दिली होती. नावं बदलल्यावर आवाज आले, पण सगळे दीड पट्टी खाली. पेटीच उतरली असेल, असं तिच्या तोंडून जेवताना निघून गेलं. रूपराव ताटावरून उठले. तिला भाता मारायला लावून त्यांनी तंबोऱ्याच्या मशीनशी पेटीचा सूर मिळवून दाखवला आणि परत येऊन गार झालेला वरण-भात खाल्ला. पेटी बरोबर होती. मोबाइलनं ज्या वेगानं रेकॉर्डिंग केलं, त्यापेक्षा कमी वेगानं की-बोर्ड ते वाजवत होता. हर्षानं सगळ्या फाइली लॅपटॉपवर बदलून पुन्हा भरल्या.

मग टकटक सुरू झाली. सूर लांबवला की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजे, आणि शेवट सुरुवातीशी जुळत नसल्यानं दर दोन सेकंदांनी 'टक्' होई. एकेका सुराचा जोड शोधण्यात चार संध्याकाळी गेल्या. आतल्या खोलीतून रूपराव प्रत्येक टक् ऐकत आणि ऐकल्याचं कळवत.

सातव्या दिवशी लाइट गेली. परत आली तेव्हा की-बोर्ड कोरा होता. भरलेले आवाज वेगळे सेव्ह करावे लागतात, हे माहितीपुस्तिकेत अगदी मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं. हर्षा बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. नवरा रजत चहा घेऊन आला आणि हे सगळं करणं गरजेचं आहे का, असं त्यानं विचारलं. ती त्याच्याशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलली नाही.

दहाव्या दिवशी सगळं जागेवर आलं. रूपरावांनी एकेक पट्टी दाबून पाहिली. आवाज त्यांच्याच पेटीचा होता. तेवढं त्यांनी कबूल केलं. मग एक भजन सुरू केलं आणि दोन ओळींत थांबले.

"याले श्वास नाई," ते म्हणाले. "वाढत नाई, कमी होत नाई. भाता कुठं हाय याचा?"

हर्षाचा आवाज चढला. "मामाजी, मी दहा दिवस काऊन मरून राह्यली मग? हे पहिलेच सांगाचं होतं न."

"मलेच कुठं माहीत होतं," रूपराव म्हणाले. "हात आपोआप चाले."

त्यांचा डावा खांदा अजून हलत होता, हात मात्र मांडीवरच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं क्लासमधलं पायानं आवाज कमी-जास्त करायचं पेडल आणलं, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि ते त्यांच्या उजव्या पायाखाली ठेवलं. त्यांनी दाबलं तर आवाज बंद, सोडलं तर कानठळ्या. पेडल उलटं चालत होतं. हर्षानं की-बोर्डावरच डोकं टेकलं, त्यानं सात-आठ सूर एकदम ओरडले. ते सुलट करायची सेटिंग शोधायला आणखी एक तास गेला. त्यानंतर रूपराव पाय दाबून, सैल सोडून, पुन्हा दाबून पाहू लागले. स्वयंपाक झाला, जेवायला हाक गेली, तरी उठले नाहीत.

गुरुवारी मंदिरात त्यांनी अडीच तास वाजवलं. पहिल्या भजनाला पाय दोनदा चुकला. तिसऱ्यापासून प्रभाकररावांनी त्यांच्याकडे पाहणं सोडून डोळे मिटून टाळ धरला, आणि आरती झाल्यावर स्वतः उठून त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

घरी येताना रूपराव लंगडत होते. हर्षानं घाबरून विचारलं.

"पोटरी भरून आली," ते म्हणाले. "पायानं कधी मारला होता का भाता? होईन सवय."