मोर्च्याच्या दिवशी एक कोट

"तुम्ही नुसते पुढे उभे राहा हो, बोलायचं ते मी बोलतो," शेजारच्या दुकानातले शिंपीदादा ह्यांना पुन्हा म्हणाले. बाहेर गल्लीतले सगळे शिंपी मोर्च्यासाठी जमले होते. सरकारनं रेडीमेड कपड्यांवर जबर कर बसवावा, एवढीच मागणी. ह्यांच्यासारखा जुना माणूस पुढे असला तर मंत्री ऐकतील, असं सगळ्यांचं म्हणणं.

आमचे हे आपले येरझारा घालताहेत. कात्री उचल, ठेव. टेप गळ्यात घाल, काढ.

"मला नाही जमणार," शेवटी म्हणाले.

"अहो, दुकान बंद पडेल!" मी आतून ओरडलेच.

"पडेल. गिऱ्हाईकाला मी 'या' म्हणू शकतो. सरकारनं त्याला बखोटीला धरून माझ्याकडे आणावं, असं कसं म्हणू?"

"झालं! तत्त्वंच वाढते आता ताटात."

लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. सरकारनं शिलाईचे दर बांधून दिले तेव्हा हे भांडले, परवान्याची सक्ती आली तेव्हाही हेच. बाजार मोकळा सोडा, काम चांगलं असेल तर गिऱ्हाईक येईल, हे ह्यांचं पालुपद. तेव्हा अख्ख्या गल्लीनं ह्यांना डोक्यावर घेतलं होतं.

"मग आमच्यात राहू नका," म्हणून शिंपीदादा पायऱ्या उतरले. आमचा काजबटणवालाही उठला. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस, माझ्याकडे न बघता त्यांच्यामागे गेला.

मी आत भांडी आपटत होते, तेवढ्यात समोरच्या मास्तरीणबाई पिशवी छातीशी धरून दारात आल्या. त्यांच्या यजमानांचे कोट नेहमी हेच शिवायचे. पिशवीतून निघाला रेडीमेड कोट.

"बाह्या लांब होतात," त्या खाली बघत म्हणाल्या. "कुणी हातच लावत नाही."

कसे लावतील? रेडीमेडला सुई लावायची नाही, असं गल्लीनं ठरवूनच टाकलं होतं. ह्यांनी कोट उलटा करून बघितला.

"शिवण चांगली आहे हो. संध्याकाळी न्या."

बाई गेल्या आणि माझा तोल सुटला. "ज्यानं पोटावर पाय आणला, त्याच्याच कोटाला टाके घाला!"

"तू भाजी घेतेस तेव्हा कुणाचं दुकान चालायला हवं ते बघतेस का?"

मी आत जाऊन उरलेली भांडीही आपटली.

हे बाही उसवायला बसले. गावातले कितीतरी नवरदेव ह्यांनी मापं घेऊन सजवले, आणि आता कुठल्याशा कारखान्याच्या कोटाची बाही आखूड करायची. कात्रीचं टोक एकाच टाक्यावर पुन्हा पुन्हा फिरत होतं. तोंडानं काही म्हणोत, माणूस आतून हलला होता.

मोर्चा परत आला. आमच्या दारापाशी घोषणा थांबल्या. "फितूर!" कुणीतरी ओरडलं. आवाज काजबटणवाल्याचा होता.

"पडदा ओढू का?" मी विचारलं.

"नको, उजेड जातो."

दोरा काही केल्या सुईत जाईना. मला रडू येत होतं, रागानं की कशानं कोण जाणे. मी त्यांच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.