भिंतीखालचा आड

मित्रांनो, मी अकोल्याच्या जठारपेठेतला एक जुना आड आहे. विहीर म्हणवून घ्यावं एवढा माझा घेर नाही, पण माझं पाणी गोडं आहे, आणि अकोल्यात याहून मोठी फुशारकी कोणाला मारता येईल? चार घरं पलीकडे खारं पाणी लागतं. त्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी टणकच राहते.

वडारांनी मला खणलं, काळ्या दगडानं बांधून काढलं, तेव्हा माझा मालक एकच होता. पुढे त्याच्या दोन मुलांनी वाटणी केली. घर कापता आलं, मला कसं कापणार? शेवटी माझ्या तोंडावर आडवे दगड टाकून त्यांनी वर भिंत चढवली. अर्धा मी या घरात, अर्धा त्या घरात. रहाट दोन, दोर दोन, खाली पाणी मात्र एकच. मग भावांनी ती घरंही विकली.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले. वकील, मास्तर सगळे याच पेठेत घर शोधत. इकडचं घर मोरोपंत वकिलांनी घेतलं. तिकडचं बार्शीटाकळीच्या किसनरावांनी, मुलांच्या शिक्षणासाठी. सौदा पक्का करायचा इसार देण्याआधी त्यांच्या बायकोनं, जमुनाबाईनं, माझं पाणी नेऊन डाळ शिजवून पाहिली. अशी पारखी बाई मला तेव्हाच आवडली.

मोरोपंतांना ते शेजारी रुचले नाहीत. घर सोवळ्याचं, आणि कुणब्याचा पोहरा त्याच पाण्यात बुडतो, हे त्यांच्या डोळ्यांत खुपे. पण खरेदीखतात आडाचा निम्मा हक्क लिहिलेला. तिथे वकिलाचंही काही चालेना.

त्यांची पत्नी गोदावरीबाई अमरावतीची. पदरी मूल नव्हतं. पंत कोर्टात गेले की घर तिला खायला उठे. पेठेतल्या बायका हळदीकुंकवाला येत, पण तिची ओटी भरताना त्यांचे आवाज उगाच हळू होत. पलीकडे जमुनाबाईचीही तीच गत. शेत, गोठा, जावा-नणंदा सोडून आलेली, आणि तिच्या बोलण्याला पेठ हसायची.

एके सकाळी दोघींचे पोहरे माझ्या पोटात एकमेकांवर आपटले. "कोण हाये तिकडे?" जमुनाबाईनं वाकून विचारलं. आवाज भिंतीखालून पलीकडे गेला. गोदावरीबाईनं घाबरत नाव सांगितलं, आणि तेव्हापासून दोघी रोज बोलू लागल्या. तोंडं दिसत नव्हती, म्हणूनच असेल, मनातलं ओठांवर येई. मूल नसल्याचं दुःख गोदावरीबाईनं नवऱ्याजवळ कधी काढलं नव्हतं, ते तिनं माझ्या काठावर काढलं.

"रडा वकिलीणबाई," जमुनाबाई म्हणाली. "इथं कोणी पाहून नाही राहिलं."

गोदावरीबाईला ती एवढी एकच मैत्रीण होती. पण तिच्याशी बोलते, हे घरात सांगायची छाती नव्हती.

गोदावरीबाईला आडावर वेळ लागतो, हे पंतांच्या ध्यानात आलं. त्यांनी आपल्या मनानंच ठरवून टाकलं की शेजारणीचा पोहरा पाण्यात असेपर्यंत विटाळ नको म्हणून ही सोवळ्यातली बिचारी ताटकळत उभी राहते. माणूस वाईट नव्हता, बायकोवर माया होती. पण विचारलं मात्र नाही. किसनरावांच्या मुलांची शाळा आटोपताच पंतांनी चांगला भाव देऊन ते घर विकत घेतलं, आणि खरेदी झाल्यावर घरी सांगितलं.

निघायच्या दिवशी जमुनाबाई रिकामा पोहरा घेऊन माझ्यावर वाकली.

"आमी चाललो, वकिलीणबाई. घर तुमीच घेतलं म्हणतात. तुमाले मालूम होतं?"

"नाही हो. देवाशपथ नाही."

"मंग मले काही वाईट नाही वाटत," ती म्हणाली. पण रिकामा पोहरा तिनं उगाच एकदा माझ्या पाण्यात बुडवला. चार पावलांवर एकमेकींची दारं होती. तरी एकीनंही उंबरठा ओलांडला नाही, आणि बैलगाडी निघून गेली.

पंतांनी लगोलग भिंत पाडली. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर सबंध ऊन पडलं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

"आता सगळा आड तुझा," पंत कौतुकानं म्हणाले. "कोणासाठी ताटकळायला नको."

"मी ताटकळत नव्हते," गोदावरीबाई म्हणाली. "बोलत होते."

घर परत करता येतं, पण गेलेली माणसं कोणत्या भावानं आणणार?

पुढे कित्येक सकाळी ती माझ्यावर वाकून हळूच हाक मारी, "जमुनाबाई". मी तेच नाव तिला परत देई. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता नळ आले आहेत आणि माझ्यावर पत्रा टाकला आहे. मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही घरं घ्याल. माझ्यासारखे आड बुजवू नका, ही विनंती आहेच. पण त्याच्या आधी घरातल्या माणसाजवळ क्षणभर बसा, त्याला काय हवं ते विचारा, आणि मगच इसार द्या.