फाटकावर सांगितलेली किंमत

सायकल माझी होती, पण ती कितीची हे मला कधीच माहीत नव्हतं. माझा बन्सीमामा पुण्यात एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. डॉक्टरांची मुलगी शिकायला परदेशी गेली, तिची सायकल गॅरेजमध्ये धूळ खात पडली आणि एक दिवस डॉक्टरीणबाईंनी ती मामाला देऊन टाकली. मामानं ती टेम्पोत घालून आणली आणि केडगावजवळच्या आमच्या वस्तीवर माझ्यापुढं उभी केली. जांभळा रंग, मधला दांडा नाही, उजव्या मुठीशी गिअर, आणि वर लिहिलेलं नाव असं की आमच्या हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांनाही ते धड वाचता आलं नाही. सन अठ्ठ्याण्णवची गोष्ट. तेव्हा आमच्याकडं सायकल म्हटलं की काळी आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली.

मी दौंडला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. वस्तीपासून केडगाव स्टेशन सात किलोमीटर, आणि वाटेत दोन्ही अंगांनी ऊस. त्या उसातून एकटीनं पायी जायचं नाही, ही आईची अट. सायकल आली म्हणून ती अट सुटली आणि माझं कॉलेज सुरू झालं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला शब्द दिला होता की नोकरी लागेपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही. धनगराच्या वस्तीवर असा शब्द कुणी मुलीला देत नव्हतं. मला तेवढंच हवं होतं. दोन वर्षं, एक नोकरी, आणि तोवर कुणी माझ्याकडं सून म्हणून बघू नये.

पण सायकल आली आणि लोक विचारायला लागले.

चौफुल्याला उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबा, कुणीतरी विचारणार. स्टेशनच्या स्टँडवर सायकल लावा, कुलूप लागायच्या आत कुणीतरी विचारणार. ओळख ना पाळख, नाव नाही, गाव नाही, पहिलाच प्रश्न: कितीला घेतली? पुरुषांना सायकलवर बसलेल्या मुलीशी बोलायचं असतं आणि बोलायला काही नसतं, म्हणून ते किंमत विचारतात, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. काही तर विचारता विचारता सीट दाबून बघायचे. एकानं घंटी वाजवली. मला भयंकर राग यायचा.

'माहीत नाही' म्हटलं तर 'चोरीची हाय का?' म्हणून हसायचे. 'मामानं दिली' म्हटलं तर मामा काय करतो, किती पगार, पुण्यात कुठं राहतो, सगळी वंशावळ. खोटा आकडा ठोकून द्यावा तर तेही जमत नव्हतं, कारण किंमत म्हणून तोंडानं आकडा काढायचा नाही, हे आबांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आबा आधी मेंढरं राखायचे. कळप विकून त्यांनी विहिरीखाली चार एकर भिजवलं, कांदा आणि झेंडू लावायला लागले, पण बाजाराची सवय त्यांच्या अंगातून गेली नव्हती. मेंढरांच्या व्यवहारात आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घोंगडीखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. तिथं वाटेल तेवढं खालीवर करावं. पण मालकानं तोंडानं आकडा काढला आणि समोरच्यानं घासाघीस न करता 'बरं' म्हटलं, की जनावर गेलं. मग बायको रडू दे नाहीतर पोर, मागं फिरायचं नाही. म्हणून आबा वस्तूची किंमत कुणालाच सांगायचे नाहीत. अंगावरच्या पैरणीचीसुद्धा नाही. मी हसायचे त्यांना, पण लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळं आकडा माझ्याही ओठांवर येत नसे.

त्या दिवशी मार्चमधली दुपार होती. केडगावचं रेल्वे फाटक पडलेलं होतं. एक मालगाडी गेली, तरी फाटक उघडेना. गेटमन म्हणाला, मागनं अजून एक्स्प्रेस आहे. पुढं ट्रॅक्टर, मागं एस.टी., शेजारी पांढरी जीप. सायकल वळवून मागं घ्यायला वीतभर जागा नव्हती. जीपच्या खिडकीतून पन्नाशीच्या एका गृहस्थानं डोकं बाहेर काढलं. कडक इस्त्रीचे कपडे, बोटांत अंगठ्या.

त्यानं विचारलं, कितीची? मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यानं परत विचारलं. मी म्हटलं, विकायला काढली नाही. तेव्हा तो ड्रायव्हरकडं बघून हसला आणि म्हणाला, किंमत तर सगळ्याचीच असते. ट्रॅक्टरवरचे दोघं मागं वळून बघायला लागले. एस.टी.तल्या बायका खिडकीतून वाकल्या. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, तेही लाडीगोडीच्या सुरात, शेंबड्या पोराला विचारावं तसं. माझं डोकं फिरलं. याचं तोंड बंद होईल एवढा मोठा आकडा मी शोधला.

"पाच हजार," मी म्हणाले.

दीड-दोन हजारांत नवी कोरी लेडीज सायकल मिळायची ते दिवस. ट्रॅक्टरवरचे हसले. तो गृहस्थ मात्र हसला नाही. त्यानं सायकलकडं नाही, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "बरं." मग त्यानं विचारलं, कुणाची गं तू? मला वाटलं सुटले एकदाची, म्हणून आबांचं नाव आणि वस्ती सांगून टाकली. एक्स्प्रेस गेली, फाटक उघडलं, आणि मी गिअर टाकून निघाले. घरी पोचेपर्यंत ते मी विसरलेही होते.

तिसऱ्या दिवशी जीप आमच्या वस्तीवर आली. त्यांचं नाव सोपानराव. कारेगावचे, आमच्यातलेच. त्यांचे वडीलही मेंढरं घेऊन आमच्याच माळावरून जायचे, हे आबांनी दोन मिनिटांत काढलं. रांजणगावची एम.आय.डी.सी. झाली तेव्हा त्यांची जमीन तिच्यात गेली होती. मोबदला मिळाला होता, आणि त्यावर जीप, दोन टेम्पो आणि कंपन्यांना माणसं पुरवायचा धंदा उभा राहिला होता. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून नोटा काढल्या आणि आबांच्या पुढं घोंगडीवर ठेवल्या. पोरीनं आकडा सांगितला, मी बरं म्हणालो, एवढंच ते बोलले.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं की मी ते चिडून बोलले होते, त्यांना गप्प करायला बोलले होते, विकायचं माझ्या मनातही नव्हतं.

"चिडून बोललीस का हासून बोललीस, आकडा तुझ्या तोंडातनं गेला का न्हाई?" आबा म्हणाले. "आता मी न्हाई म्हणलो, तर उद्या बाजारात माझ्या शब्दाला कोन इचारंल?"

मी रडले नाही, कारण पाहुण्यांसमोर रडायचं नव्हतं. सायकल गेली म्हणजे स्टेशन गेलं, आणि स्टेशन गेलं म्हणजे दौंड. सोपानराव उठले, सायकलीपाशी गेले, आणि तिथं त्यांनी जे केलं त्याला सगळी वस्ती पुढं महिनाभर मोठं मन म्हणत होती. ते म्हणाले, सायकल इथंच राहू द्या. पोरीला कॉलेजला लागते. मला हवी तेव्हा सांगीन.

यातही वावगं काही नव्हतं. मेंढी विकत घ्यायची, पैसे मोजायचे आणि ती जुन्या मालकाच्याच कळपात ठेवायची, असं आमच्यात चालत आलेलंच होतं. आबांचा जीव भांड्यात पडला. आठवड्याच्या आत त्या पैशांची विहिरीवर नवी मोटर बसली. सगळे मला म्हणाले, धना, तू नशीबवान. सायकलीचे पाच हजार आले आणि सायकलही घरात. शेजारच्या बानूबाईनं तर माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आणि मी दुसऱ्याच्या सायकलवरून कॉलेजला जाऊ लागले.

हे कुणाला सांगून कळत नव्हतं. सायकल तीच, रस्ता तोच, पण खड्डा आला की मी दचकायचे. पाऊस आला की आबा धावत जाऊन तिच्यावर गोणपाट टाकायचे, जे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. चेनला तेल घालायचे, रिमा फडक्यानं पुसायचे. एकदा पंक्चर झाली तर आई मला म्हणाली, जपून चालवावी गं, लोकाची वस्तू. स्टेशनवर कुणी किंमत विचारली की मी आता मान खाली घालून पुढं जायचे. पूर्वी मला राग यायचा. आता रागही येईना. मोटर विहिरीवर चालू होती, झेंडू तरारला होता, आणि पाच हजार परत द्यायचे म्हटलं तरी ते कुठून द्यायचे? दोनतीनदा कारेगावची जीप फाटकापाशी दिसली. जीप नुसती उभी होती.

दुसऱ्या वर्षाचं कॉलेज सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा एका रविवारी सोपानराव सपत्नीक आले. त्यांची बायको साखरबाई, मऊ बोलणारी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, सायकल न्यायला आले. मी तिची चावी आणून त्यांच्यापुढं ठेवलीसुद्धा. सोपानरावांनी ती उचलली नाही. त्यांचा मुलगा हनुमंत बी.कॉम. होऊन धंदा बघत होता. त्याच्यासाठी त्यांना मी हवी होते. साखरबाई म्हणाल्या, चार-पाच महिने बघतोय, पोरगी कशी जाते, कशी येते, कुणाशी बोलते का. इतक्या सरळ मनानं सांगितलं त्यांनी ते, जणू माझं कौतुकच.

आबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला दिलेला शब्द ते विसरले नव्हते. आधी ते विहिरीच्या बाजूला बघत राहिले, मग म्हणाले, मी पोरीला नोकरी लागंस्तवर लग्न न्हाई आसं बोललोय. आता तिलाच इचारा. मला वाटलं, आबांनी माझ्यासाठी दार उघडलं. त्यांनाही तसंच वाटलं असणार.

सोपानराव माझ्याकडं वळले. "बोल बाळ. तुझं काय म्हणणं आसंल ते मोकळ्या मनानं सांग."

मी आईकडं पाहिलं, ती चुलीपुढून हललीच नाही. मी मनाशी म्हटलं, याला असं काही सांगते की हा चपला घालून चालायला लागेल. कोणताही सासरा जे कबूल करणार नाही ते मी एकेक शोधून काढलं. म्हणाले, डी.एड. पूर्ण करणार. नंतर नोकरी करणार.

"धना, थांब," आबा म्हणाले.

मला वाटलं, मी उद्धट बोलते म्हणून ते मला आवरतायत. मी थांबले नाही. म्हणाले, नोकरी ज्या जिल्ह्यात लागेल तिथं खोली घेऊन एकटी राहणार, गडचिरोलीला लागली तर गडचिरोलीला. पहिल्या पाच वर्षांचा पगार आईआबांना देणार. लग्नाला एक रुपया हुंडा नाही, एक भांडं नाही. माझा आवाज चढला होता आणि मला तो आवडत होता. किती दिवसांनी मी कुणाला ठणकावून बोलत होते.

आबांनी डोळे मिटले होते. ते पाहिलं तेव्हा कुठं मला कळलं की ते मला कशापासून थांबवत होते. पण तोवर माझं सगळं बोलून झालं होतं.

सोपानरावांनी साखरबाईंकडं पाहिलं. बाईंनी हलकेच मान डोलावली.

"बरं," सोपानराव म्हणाले.

आई चुलीपुढून उठली आणि पदरानं डोळे पुसत हसली. असं स्थळ कुणाला मिळतं? बानूबाई दारातूनच ओरडत वस्तीला सांगायला गेली. मी सांगितलेली एकूणएक गोष्ट त्या माणसानं कबूल केली होती, आणि पुढं ती त्यानं पाळलीही, हे इथं सांगितलंच पाहिजे. त्याला नावं ठेवायला मला आजवर जागा सापडलेली नाही. मला लग्न नको होतं. एवढंच म्हणायचं होतं, आणि इतक्या अटी सांगितल्या, पण ते तेवढं म्हणायचं राहून गेलं.

साखरबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. ती त्यांनी घरून निघतानाच आणली होती. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, हनुवटी धरून त्यांनी माझा चेहरा वर केला, आणि मी सगळ्यांच्या देखत कपाळ पुढं केलं.