पहिल्या रांगेतली कुजबुज

टाचणीने कुजबुजच्या कोटाचं वरचं बटण लावलं, एक पाऊल मागे सरून तिच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा काढलं.

"गळा आवळल्यासारखं दिसतंय. उघडंच राहू दे. रुबाबदार वाटतं."

कुजबुजने डाव्या हाताने तिचा हात बाजूला सारला. तिला रुबाब नको होता, कोट नको होता, मुळात घराबाहेर पडायचंच नव्हतं. पण हे सांगायला जे शब्द लागतात ते तिच्याकडे नव्हते, आणि टाचणी नेमका त्याचाच फायदा घेत होती.

"ते... ते नको," ती कशीबशी म्हणाली.

"मग भांड माझ्याशी. नीट, पूर्वीसारखी. जिंकलीस तर बस घरी."

दारात उभी असलेली कुजबुजची लेक हसू दाबत आत निघून गेली. खाली रस्त्यावर उजेड वाट बघत होता.

तिघांनी एकाच नाटक मंडळीत उभा जन्म काढला होता. टाचणी कपडेपट सांभाळायची, आणि तिची जीभही टाचणीसारखीच होती. दिव्यांचं काम बघायचा तो उजेड. आणि विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करणारी, अडलेल्या नटांना पुढचे शब्द देणारी, ती कुजबुज. खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायची. निवृत्त झाल्यापासून वर्षातला एक दिवस तिघं शहरात भटकायची आणि जमतील तेवढे खेळ बघायची. जन्मभर खेळ मागून बघितले, आता जरा समोरून बघू, असं उजेड म्हणायचा.

यंदा हिवाळ्यात कुजबुजला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात बराचसा परत आला, शब्द मात्र आले नाहीत. चमच्याला ती 'ते' म्हणायची, खिडकीलाही 'ते'. एकदा लेकीलाच 'ते' म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने बोलणं जवळजवळ टाकलंच. मंडळीतल्या लहानथोरांना शब्द पुरवणाऱ्या बाईवर ही पाळी यावी, याचं तिला दुःख होतंच. पण दुःखापेक्षा राग जास्त होता.

सकाळचा खेळ बागेत होता, फुकटचा. एक सडपातळ विदूषक पाच चेंडू हवेत फिरवत होता. त्यातला एक सटकून हिरवळीवर पडला.

"अरेरे! गेला," उजेड हळहळला.

कुजबुजने नकारार्थी मान हलवली. विदूषकाने पडलेला चेंडू बुटाच्या टोकाने वर उडवला आणि कपाळावर झेलला. मुलांनी आरडाओरडा केला.

"तुला कसं कळलं गं?" उजेडने विचारलं.

तिने तोंड उघडलं. ज्याच्या हातून खरंच चेंडू सुटतो तो चेंडूकडे बघतो. हा बघत नव्हता, म्हणजे त्याने तो मुद्दाम पाडला होता. एवढंच सांगायचं होतं. सगळं आत तयार होतं, अगदी ओठांपर्यंत आलेलं.

"ते," ती म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.

टाचणी नेहमी अशा वेळी काहीतरी टोचून बोलायची. आज ती नुसती उठली आणि तिघांसाठी आइस्क्रीम घेऊन आली.

दुपारी एका उंच छताच्या सभागृहात समूहगान होतं. दुसऱ्याच गाण्याला टाचणी कुजबुजच्या खांद्यावर डोकं टेकून घोरू लागली, तेही बऱ्यापैकी सुरात. उजेड मान वर करून, "कसले भिकार दिवे लावलेत," असं पुटपुटत राहिला. दोघांच्या मध्ये बसलेल्या कुजबुजला किती दिवसांनी हसू आलं. तिथून नाट्यगृहापर्यंत तिघं चालत निघाली. वाटेत दर चौकात उजेड एखाद्या दुकानासमोर थांबून काचेमागचे बूट निरखायचा. त्याला बूट घ्यायचे नव्हते. कुजबुजचा दम परत येईपर्यंतच ते बूट त्याला आवडायचे. हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं, आणि तिचा ऊर भरून येत होता. पण आभार मानायचे तर त्यालाही शब्दच लागतात.

संध्याकाळचं नाटक त्यांच्या जुन्या मंडळीचंच होतं. कुजबुजने ते विंगेतून इतक्यांदा ऐकलं होतं की कुणी झोपेतून उठवलं असतं तरी तिने कुठूनही पुढे चालू केलं असतं. अर्थात, हिवाळ्यापूर्वी.

"पहिली रांग?" खुर्च्या बघून ती थबकली, आणि हा प्रश्न तिने नुसत्या भुवयांनी विचारला. एरवी ती तिघं मागे, स्वस्तातल्या जागी बसायची.

"मागे मला दिसत नाही हल्ली," उजेड म्हणाला. सकाळीच तर बागेतून त्याने तळ्यापलीकडचं घड्याळ वाचून दाखवलं होतं.

मुख्य भूमिका चिमणीची होती. ती मंडळीत आली तेव्हा काडीसारखी पोर होती, भीतीने वाक्यंच्या वाक्यं गिळायची. आता नाट्यगृहाबाहेर तिचा माणसाच्या उंचीचा फोटो लावलेला असायचा. अजूनही ती अधूनमधून अडायची, आणि खरंच अडली की तिची उजवी टाच जमिनीवरून जराशी उचलली जायची. हे एकट्या कुजबुजला माहीत होतं. तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, चिमणीलाही नाही. सांगितलं असतं तर पोरगी पायाकडेच बघत बसली असती. टाच उचलली की शब्द द्यायचे, तेही दोनच. टाच खाली असेल तर ती शांतता नटाची, तिला हात लावायचा नाही. एवढ्या वर्षांत कुजबुजने कुणाची शांतता एकदाही मोडली नव्हती. तिला कशाचा गर्व होता असं विचारलं असतं, तर तिने हेच सांगितलं असतं.

मध्यंतरात उजेड गायब झाला. परत आला तो घंटा वाजल्यावर, कोपराला चुना लागलेला. रंगमंचामागच्या बोळातल्या भिंतींना असा चुना होता. टाचणीने तो झटकला, जरा जास्तच घाईने.

शेवटचा प्रवेश. म्हातारी घरमालकीण घर विकून निघाली आहे. नवा मालक समोर उभा आहे. ती किल्ली त्याच्या हातावर ठेवते आणि एक वाक्य बोलते, की मग पडदा.

चिमणीने किल्ली ठेवली. आणि ती थांबली.

कुजबुजची नजर सवयीने खाली गेली. उजवी टाच जमिनीवर घट्ट टेकलेली होती.

थांबणं लांबलं. टाचणीने श्वास रोखला होता. उजेड गुडघ्यावर मूठ आवळून समोर बघत होता, दिवे बघतानाही तो कधी इतका ताठ बसला नव्हता. कुजबुजला सगळं एकदम कळलं. पहिली रांग कळली, कोपराचा चुना कळला. चिमणी विसरली नव्हती. ही दोघं आणि वर उभी असलेली ती पोर, तिघं मिळून तिच्यासाठी एक वाक्य अडवून बसली होती. आणखी थोडा वेळ ती काहीच बोलली नाही, तर चिमणी आपलं वाक्य आपणच घेईल, पडदा पडेल, आणि आपण असं काही केलं होतं हे दोघं तिला कधीही कळू देणार नाहीत.

विसरलेल्याला शब्द देणं हे तिचं काम होतं. न विसरलेल्याला तिने जन्मात कधी शब्द दिला नव्हता.

तिने ओठ उघडले. आत 'ते' होतंच, सर्वांत पुढे, नेहमीसारखं दार अडवून. तिने ते बाजूला सारलं. डोळ्यांत पाणी आलं.

"दार... हट्टी," ती म्हणाली.

शेजारचा गृहस्थ रागाने वळून "शू!" म्हणाला. वर चिमणीचा चेहरा क्षणभर घरमालकिणीचा राहिला नाही. मग तिने शब्द उचलले.

"दार हट्टी आहे. ढकलू नका. जरा थांबलात, की आपणच उघडतं."

पडदा पडला. टाळ्या वाजत होत्या. उजेडने दोनदा नाक शिंकरलं आणि टाचणीने शेजारच्या गृहस्थाला, "तुम्ही शू म्हणा तिकडे तुमच्या घरी," असं सुनावलं.

अर्धा रंग पुसून चिमणी धावत बाहेर आली आणि कुजबुजच्या गळ्यात पडली.

"मावशी, अब्रू राखलीत माझी! साफ विसरले होते हो."

कुजबुजने तिच्या गालावरचा उरलेला रंग अंगठ्याने पुसला.

मग तिघं रस्त्यावर आली. कोपऱ्यावर बसची वाट बघताना टाचणी भोळेपणाचा आव आणून म्हणाली,

"पण चिमणी तिथे अडली कशी? इतकी वर्षं करतेय."

मंडळीने हिला कधी रंगमंचावर उभं केलं नाही ते फार शहाणपणाचं होतं, असं कुजबुजला वाटलं. उजेड घाईघाईने जवळच्या दुकानाकडे वळून बूट बघू लागला.

कुजबुज शब्द गोळा करत होती. वेळ लागत होता. कुणी घाई केली नाही.

"वय... वय झालं तिचं," ती म्हणाली.

टाचणी हसायला लागली. हसता हसता तिला बाकावर बसावं लागलं, आणि मग तोंडावर रुमाल घेऊन ती बराच वेळ तशीच बसून राहिली. कुजबुजने तिच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा.

"आणि तू," ती काचेसमोरच्या पाठीकडे बघत म्हणाली, "ते बूट... घेऊनच टाक."

उजेड सावकाश वळला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बुटांकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं, पण त्याला पुढचं सुचेना.

कुजबुजने त्याला शब्द दिले नाहीत.